तव्यावरचा अँटेना

सासू-सासऱ्यांना फ्रँकफुर्टच्या विमानतळावर सोडायला दोन गाड्या लागणार हे ठरलं, आणि पद्माकर वाकणकरच्या अंगात नियोजन शिरलं. एरवी माणूस निरुपद्रवी. गेर्लिंगेनमधल्या एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत, काचेवर पावसाचा थेंब पडल्यावर वायपर किती वेळानं हलतो हे तो तपासत असे, आणि तो वेळेवर हलतो असा अहवाल वेळेवर देत असे. पण सासऱ्यांची परतपाठवणी म्हणजे काही वायपर नव्हे. ती चुकून चालणार नव्हतं.

राजाभाऊ आणि यमुनाबाई जुलैत आले ते नव्वद दिवसांच्या व्हिसावर, आणि त्यातला प्रत्येक दिवस राजाभाऊंनी पुरेपूर वसूल केला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस जिथं जाईल तिथं आधी गळती शोधायचा. जावयाच्या घरात त्यांना पाण्याची, विजेची, हीटरची आणि वेळेची अशी चहूबाजूंनी गळती सापडली होती. पद्माकरला आता आयुष्याकडून एकच हवं होतं. शनिवारी दुपारच्या विमानात दोघं बसावीत, विमानाची दारं लागावीत आणि ते उडालेलं आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. (जावई सासऱ्यांच्या विमानाकडे इतका एकटक बघतो याला लोक माया म्हणतात. म्हणू द्यावं.)

दोन गाड्या लागणार होत्या त्या सामानामुळे. येताना दोन बॅगा होत्या. जाताना प्रेशर कुकर, सुऱ्यांचा संच, अख्ख्या सोसायटीला पुरतील इतकी चॉकलेटं आणि बर्फ ओढायचं एक फावडं होतं. फावडं राजाभाऊंनी उन्हाळी सेलमध्ये घेतलं होतं. पुण्यात बर्फ पडत नाही ही अडचण त्यांना कोणी सांगितली नव्हती असं नाही, पण "वस्तू मजबूत आहे" यापुढे ते कुणाचं ऐकत नसत.

"अहो, श्टुटगार्टहून थेट ट्रेन आहे की विमानतळावर," नीता म्हणाली. (एरवी ती नवऱ्याला पद्माकर म्हणायची. आईवडील आल्यापासून त्याला 'अहो'ची बढती मिळाली होती.) "तासाभरात पोचतील. थोडं सामान कार्गोनं पाठवू."

हे फारच सोपं होतं, म्हणून पद्माकरनं ते उडवून लावलं.

त्याची योजना अशी होती. पुढं त्याची कंपनीकडून मिळालेली मोठी गाडी, त्यात सामान. मागं नीताची छोटी गाडी, त्यात आईबाबा. नीताला आउटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर, लांब गाडी चालवायची सवय नव्हती, तेव्हा तिनं त्याच्या मागं मागं यायचं. चुकामूक झाली तर? गाडी चालवताना हँडी, म्हणजे मोबाइल, हातात धरला तर दंड. मग त्याला ऑफिसातल्या हेबरलेनं उपाय सांगितला. हेबरले दर सुट्टीला गाडीमागं चाकांचं घर ओढत इटलीला जायचा, आणि त्याच्या मते सुखी संसाराचं रहस्य एकच होतं, ते म्हणजे सीबी-फुंक. ट्रकवाले वापरतात तो रेडिओ. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं.

"म्हणजे दोन्ही गाड्या सतत संपर्कात?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" हेबरले म्हणाला.

सासरे दुसऱ्या गाडीत असण्याचा खरा फायदा काय, हा विचार त्या क्षणी पद्माकरच्या डोक्यात आला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तो इंजिनिअर होता. त्यानं दोन सेट आणले.

नीतानं आपल्या गाडीतला सेट चहा उकळेपर्यंत बसवला. वायर सिगरेट लायटरच्या भोकात घातली, लोहचुंबकाच्या बुडाचा अँटेना टपावर ठेवला, तो खटकन चिकटला. झालं. पद्माकरच्या गाडीत मात्र विज्ञान आडवं आलं. तिचा टप काचेचा होता. आकाश दिसावं म्हणून त्यानं मुद्दाम मागून घेतलेला. अँटेना त्यावर ठेवला की निमूटपणे घसरत बॉनेटवर यायचा. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं निघालं. तिथून तो जमिनीवर गेला. गाड्यांच्या धंद्यात उभी हयात घालवलेल्या या माणसाला आपल्या गाडीत लोखंड नेमकं कुठं आहे हे माहीत नव्हतं.

अर्ध्या दिवसाच्या चिंतनानंतर तो स्वयंपाकघरात गेला आणि लोखंडी तवा घेऊन बाहेर आला.

"तवा कुठं चाललाय?" यमुनाबाईंनी हातातला पोळीचा गोळा तसाच धरून विचारलं.

"टपावर, आई."

त्यांनी गोळा परातीत परत ठेवला. जर्मनीत तीन महिने राहिल्यावर माणसाला सगळं पटतं. पद्माकरनं टपावरच्या कॅरियरला तवा तारेनं आवळला, तव्यावर अँटेना ठेवला, आणि तो असा चिकटला की बघत राहावं. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ श्टाइनले खिडकीतून बघतच होत्या. त्या दिवशी घरात सगळ्यांनी भात खाल्ला.

राहिला माइक अडकवायचा हूक. त्यासाठी डॅशबोर्डला भोक पाडावं लागणार होतं, आणि गाडी कंपनीची. म्हणून माइक हँडब्रेकच्या शेजारी नुसता ठेवायचा असं ठरलं. इतक्या मोठ्या योजनेत एका हुकाचं काय एवढं!

खरी मजा राजाभाऊंची झाली. बिनतारी यंत्र पाहताच त्यांचं वय वीस वर्षांनी उतरलं. पावसाळ्यात धरणावर रात्रंदिवस वायरलेसवर बसलेला माणूस तो. त्यांनी तिथल्या तिथं सूत्रं हाती घेतली.

"पुढची गाडी पानशेत, मागची खडकवासला," त्यांनी जाहीर केलं. "पाणी आधी पानशेतहून सुटतं, मग आमच्याकडे येतं. आणि एक नियम, पद्माकरराव. बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. समोरचा 'ओव्हर' म्हणत नाही तोवर मध्ये बोलायचं नाही. पूर आला तरी नाही. शिस्त म्हणजे शिस्त."

"बरं, बाबा."

"बरं, बाबा, ओव्हर," राजाभाऊंनी दुरुस्ती केली. दोघं एकाच सोफ्यावर बसले होते.

शनिवारी सकाळी निघायची वेळ झाली. कपिल आला. हा पद्माकरच्या ऑफिसातला, पलीकडच्या गल्लीत एकटा राहणारा मुलगा. बॅगा उचलायला त्याला बोलावलं होतं, आणि तो पद्माकरबरोबर पुढच्या गाडीत बसणार होता. यमुनाबाईंनी कपाटाच्या कप्प्यातल्या देवघरापुढं दोघांचे पासपोर्ट आणि तिकिटं ठेवली, त्यांवर हळदकुंकू वाहिलं, प्रवास सुखाचा होवो म्हणून सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. प्रत्येकाच्या हातावर दहीसाखर पडली. राजाभाऊंनी तीन महिने खिशात बाळगलेली घराची किल्ली (ती नीताची होती) समारंभपूर्वक जावयाच्या हवाली केली. "तुमचं घर, तुमच्या ताब्यात," ते म्हणाले. पद्माकरला भरून आलं. आनंदानं. त्यानं दार ओढून घेतलं, आणि जर्मन दार ते, लागलं की लागलं.

आउटोबानवर लागेपर्यंत रेडिओ उत्तम चालला. जरा जास्तच.

"पानशेत, पानशेत, खडकवासला बोलतोय. तुमचा वेग जास्त आहे. ओव्हर."

"बाबा, सगळे याच वेगानं चाललेत. ओव्हर."

"सगळ्यांना धरणात उडी मारायची असेल. ओव्हर."

मग डावीकडच्या पवनचक्कीबद्दल मत आलं. मग पेट्रोलच्या भावाबद्दल. मग पानशेतचा उजवा मागचा टायर जरा बसलेला वाटतो असं आलं. पद्माकरनं माइक हँडब्रेकजवळ टाकला आणि दात आवळले. तेवढ्यात एक वळण आलं, आणि कपिलनं पायाशी धरलेली प्रेशर कुकरची पिशवी कलंडून बरोबर माइकवर बसली.

आणि चमत्कार झाला. राजाभाऊ गप्प झाले.

सेटवर लाल दिवा लागला होता. सगळं व्यवस्थित चालू असल्याची ती खूण असावी असं पद्माकरला वाटलं. तसं ते होतंच. बटण दाबलेलं असलं की सेट ऐकत नाही, नुसता बोलतो, हे त्यानं स्वतःच आदल्या दिवशी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

"संपले वाटतं विषय," तो कपिलला म्हणाला आणि सीटवर सैल झाला. "कपिल, तुला सांगतो, तीन महिने! माणूस नाही रे, धरणाची भिंत आहे. मी खोलीतून बाहेर पडलो की मागं दिवा बंद. परवा मी बाथरूममध्ये असताना बंद केला."

"काय सांगतोस!"

"कचऱ्याचं वर्गीकरण इतकं चोख की त्या फ्राऊ श्टाइनले मला यांचं उदाहरण देतात. जिना झाडायची पाळी आपली असो नसो, हे झाडून मोकळे. पहाटे ओंकार. तोही असा, की खालचे लोक फायर अलार्म तपासायला बाहेर येतात. आल्झो, थोडक्यात काय, व्हिसा नव्वद दिवसांचा आहे म्हणून वाचलो. जर्मन सरकारचे उपकार माझ्यावर."

"पण काकू छान आहेत," कपिल म्हणाला.

"आई देवमाणूस. त्या राहिल्या तर माझं काही म्हणणं नाही. हे एकटे गेले तरी चालतील." पद्माकरनं आरामात एक ट्रक मागं टाकला. "शनिवार तुझ्याकडे काढले म्हणून मी माणसात आहे. तुझी ती डिश, तो सोफा, दिवसभर क्रिकेट. नीताला वाटतंय प्रोजेक्ट बुडतोय आणि मी ऑफिसात तो वाचवतोय."

"वहिनींना कळलं ना..."

"कसं कळणार? मराठी समजणारी माणसं इथं फक्त मागच्या गाडीत आहेत. त्यांना ऐकवायचं तर बटण दाबावं लागतं."

मघा मागं टाकलेला ट्रक पुन्हा शेजारी आला. ड्रायव्हरनं काच खाली करून मूठ तोंडापाशी नेली आणि जोरजोरात हलवली. अर्ध्या तासापासून त्या बिचाऱ्याला कळेनाशा भाषेत कुणाच्या तरी सासऱ्यांबद्दल ऐकावं लागत होतं. पद्माकरला तो सलाम वाटला. त्यानंही मूठ तोंडाशी नेऊन हसून परत केला.

मग मागून नीताची गाडी दिवे मारू लागली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

"लिश्टहूपे देतेय बघ," पद्माकर कौतुकानं म्हणाला. "आउटोबानवर नीट येईल की नाही म्हणून मी काळजीत होतो. पक्की जर्मन झाली! वेग वाढव म्हणतेय." आणि त्यानं वाढवला.

मागच्या गाडीत काय झालं होतं ते असं. फॉर्त्सहाइमच्या अलीकडेच यमुनाबाईंनी पासपोर्ट एकदा बघून घ्यावेत म्हणून पर्स उघडली, आणि पासपोर्ट देवापुढंच राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. हळदकुंकवासकट. घराच्या दोन्ही किल्ल्या पद्माकरच्या खिशात. त्याचा हँडी कोटात, कोट डिकीत, डिकी बॅगांनी भरलेली. कपिलचा नंबर नीताकडे नव्हता. रेडिओवर हाक मारावी तर तिकडून अखंड प्रवचन चालू. तेव्हा नीता दिवे मारत राहिली, आणि तिनं जितके दिवे मारले तितका नवरा पुढं पळत गेला.

ब्रुख्झालच्या पुढं कॉफी प्यायला म्हणून पद्माकर राष्टश्टेटेत, म्हणजे महामार्गाकडेच्या थांब्यावर, शिरला. उतरून त्यानं आळस दिला. मागून छोटी गाडी करकचून थांबली. नीता उतरली. तिच्या चेहऱ्याकडे बघून पद्माकरचा दुसरा हात वरच राहिला.

"पद्माकर!" ती म्हणाली. आईवडिलांसमोर. 'अहो' संपलं होतं.

तिच्या मागून राजाभाऊ सावकाश आले. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली. यमुनाबाई गाडीतच बसून होत्या आणि मुद्दाम पलीकडच्या कचऱ्याच्या डब्यांकडे बघत होत्या.

"पद्माकरराव," राजाभाऊ म्हणाले, "संपलं का तुमचं बोलणं?"

"बोलणं? कसलं बोलणं, बाबा?"

"तुम्ही 'ओव्हर' म्हणाला नाहीत. म्हणून आम्ही मध्ये बोललो नाही."

कपिलनं गाडीत डोकावून कुकरची पिशवी उचलली. खालचा माइक बघितला. लाल दिवा विझलेला बघितला. मग तो पिशवी छातीशी धरून टॉयलेटच्या दिशेनं निघून गेला आणि बराच वेळ आला नाही.

पद्माकरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण राष्टश्टेटेचं डांबर भक्कम होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला मनापासून वाईट वाटलं. "बाबा, मी... ते आपलं गमतीनं..."

"वाईट वाटलं मला," राजाभाऊ सरळ म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण दिव्याचं जाऊ द्या. झाडण्याचं जाऊ द्या. भिंत म्हणालात, तेही जाऊ द्या, भिंत नसती तर पाणी राहिलं नसतं." इथं त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पण पलीकडच्या गल्लीत क्रिकेट दिसत होतं? ऑस्ट्रेलियाची मालिका चालू असताना? आणि मला तुम्ही तीन महिने टीव्हीवर जर्मन लोकांचं बिलियर्ड्स बघायला लावलंत?"

पद्माकर टपावरचा तवा उगाच सरळ करू लागला.

"पासपोर्ट घरी राहिलेत," नीता म्हणाली. "किल्ली दे."

मग दोन्ही गाड्या उलट्या फिरल्या. पद्माकरनं जेवढी जमेल तेवढी घाई केली, आणि राजाभाऊंनी रेडिओवर एकदाही वेगाबद्दल तक्रार केली नाही. ते त्याला जास्त लागलं. पासपोर्ट देवापुढं सुखरूप होते. पुन्हा निघाले, तर फॉर्त्सहाइमला श्टाऊ लागला. श्टाऊ म्हणजे सगळा जर्मन देश एका रांगेत उभा राहतो तो प्रकार. काचेच्या टपातून आकाश छान दिसत होतं. विमानं जात होती. त्यातलं आपलं कुठलं, असा विचार करत पद्माकर बराच वेळ वर बघत राहिला.

विमानतळावरच्या बाईनं हसतमुखानं सांगितलं, दिवाळीमुळे भारताच्या सगळ्या विमानांत गर्दी आहे, पुढच्या दोन सीट दिवाळी झाल्यावर मिळतील. व्हिसाचं काय, तर तिकीट दाखवून मुदत वाढवून मिळाली. ते काम राजाभाऊंनी आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, जाऊन स्वतः केलं आणि तिथल्या साहेबाच्या खोलीतली गळकी खिडकीही दाखवून दिली. जर्मन सरकारचे उपकार असे वाढत चालले.

परतताना पद्माकर एकटाच होता. कपिलसुद्धा मागच्या गाडीत बसला.

घरी आल्यावर भांडण होईल असं पद्माकरला वाटलं होतं. भांडण झालं असतं तर सुटला असता. नीता शांतपणे पोळ्या लाटत बसली. (तवा परत आला होता, त्याला जरा ग्रीसचा वास येत होता.)

"नीता, मी चुकलो," तो म्हणाला. "शनिवारचं मी..."

"शनिवारी तुला ऑफिस असतं," नीता म्हणाली.

"नाही ना, तेच तर सांगतोय."

"असतं. प्रोजेक्ट बुडतोय. आई, यांना शनिवारी डबा लागेल हं, दिवाळीपर्यंत."

राजाभाऊ-यमुनाबाईंचे शनिवार आता कपिलकडे जाऊ लागले. कपिलला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि चकल्यांचा डबा बघितल्यावर इच्छाही राहिली नाही. नीताही तिकडेच असायची. निरोपानिरोपीला सोय असावी म्हणून राजाभाऊंनी तिच्या गाडीतला सेट कपिलच्या बाल्कनीत हलवला आणि जुन्या बॅटरीवर चालू केला.

पद्माकर डबा घेऊन ऑफिसला जायचा. ऑफिस बंद असायचं. फाटकावरच्या माणसानं पहिल्या शनिवारी त्याला नम्रपणे आत सोडलं नाही, दुसऱ्या शनिवारी त्याच्याकडे काळजीनं बघितलं आणि घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. मग तो फाटकाबाहेरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून जेवायला लागला.

तिसऱ्या शनिवारी सामना अगदी रंगात आला असणार, शेवटची षटकं चालू असतील, अशा हिशेबानं तो तळमळत होता. शेवटी राहवेना. त्यानं इकडंतिकडं बघितलं, तवा नव्हता म्हणून खिडकीतून हात काढून अँटेना शेजारच्या लोखंडी खांबाला चिकटवला, माइक उचलला आणि बटण दाबलं.

"खडकवासला, खडकवासला, पानशेत बोलतोय. बाबा, स्कोअर काय झालाय? ओव्हर."

थोडी खरखर झाली.

"पद्माकरराव," राजाभाऊंचा आवाज आला, "ऑफिसच्या वेळात क्रिकेट? आमच्या खात्यात हे चालत नसे. कामात लक्ष घाला."

आणि मागं एकदम टाळ्या वाजल्या, यमुनाबाई काहीतरी ओरडल्या, नीता खदखदून हसली, कपिलनं शिट्टी मारली, आणि सेट बंद झाला. चौकार होता की विकेट, हे पद्माकरला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.